ऑनलाइन टाकलेल्या फोटोतला रंग खरा कसा ठेवायचा: साडीपासून समोरच्याच्या मोबाइलपर्यंत

माझी वहिनी सदाशिव पेठेतल्या घरातून साड्या विकते आणि फोटो मी काढतो. मागे साताऱ्याच्या एका बाईंनी डोहाळजेवणासाठी हिरवी साडी मागवली. पार्सल पोहोचलं आणि फोन आला, "ताई, साडी सुरेख आहे हो, पण ही हिरवी नाही. रामा कलर आहे हा." फोटो उघडून पाहिला तर फोटोत ती साडी खरोखरच हिरवी होती. रात्री साडेनऊला, दिवाणखान्यातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेला तो फोटो. पिवळ्या उजेडात निळा भाग फार कमी असतो, त्यामुळे निळसर हिरव्या रंगातला निळा गेला आणि नुसता हिरवा उरला. साडी परत आली आणि दोन्हीकडचं कुरियर आमच्या अंगावर पडलं.

तेव्हापासून ओळखीतले विक्रेते मला एकच प्रश्न विचारतात: "कुठला फिल्टर लावू?" मी सांगतो, कुठलाच नाही. रंग चार ठिकाणी बिघडतो: उजेडात, कॅमेऱ्यात, फाइलमध्ये आणि स्क्रीनवर. उजेडात झालेली चूक एडिटिंगमध्ये नीट निघत नाही आणि फाइलमधली चूक स्क्रीनवर निघत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. उदाहरणं साडीची घेतली आहेत, पण चित्रं, पणत्या, कुंड्या, पडद्याचं कापड, काहीही विकायचं किंवा दाखवायचं असलं तरी पायऱ्या याच.

तयारी: काय जवळ हवं

मोबाइल चालेल, कॅमेरा असेल तर उत्तम. मोबाइलमध्ये प्रो मोड असावा, म्हणजे व्हाइट बॅलन्स (उजेड कुठल्याही रंगाचा असो, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती दुरुस्ती) हाताने ठरवता येतो. नसेल तर लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं मोबाइल ॲप टाका, त्यातल्या कॅमेऱ्यात ही सोय आहे.

एक राखाडी कार्ड घ्या, व्हाइट बॅलन्स त्यावरूनच ठरवायचा आहे. फोटोग्राफीच्या सामानाच्या दुकानात '१८ टक्के ग्रे कार्ड' म्हणून मिळतं. अप्पा बळवंत चौकातून राखाडी कार्डशीट आणून काम भागेल असं मलाही वाटलं होतं. आणली, आणि एक कार्डशीट जांभळटाकडे झुकलेली निघाली, दुसरी हिरवटाकडे. डोळ्याला दोन्ही राखाडीच दिसत होत्या. त्या पैशांत दोन वडापाव आले असते.

पार्श्वभूमीला पांढरी, राखाडी किंवा काळी चादर. जुन्या घरातली शहाबादी फरशी असेल तर तीही चांगली. आणि फोटो काढणाऱ्याने काळा किंवा राखाडी शर्ट घालावा. हे हसण्यावारी नेऊ नका. साडीची जर म्हणजे बारीक आरसाच, लाल टी-शर्ट घालून वाकलात की काठावर तांबूस झाक येते आणि मग ती जर तांब्याची आहे का म्हणून विचारणा होते.

पायरी १: उजेड एकच ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पाहिलेल्या बिघडलेल्या फोटोंपैकी बहुतेक इथेच बिघडलेले असतात.

सगळ्यात सोपा उजेड म्हणजे खिडकीचा, ज्यात थेट ऊन येत नाही असा. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान काम उरका. त्यानंतर उजेड पिवळा होत जातो आणि पहिल्या साडीचा नि दहाव्या साडीचा रंग जुळत नाही. ढगाळ दिवस वाईट असं समजू नका. जुलै-ऑगस्टमधला पुण्याचा तो दिवसभर तसाच राहणारा करडा उजेड साड्यांसाठी झकास असतो, सावल्या मऊ पडतात आणि जर डोळ्यात घुसत नाही. फक्त ढग पळत असतील तर कार्डाचा फोटो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

खिडकीशी साडी मांडली की घरातले सगळे दिवे बंद. सगळे. "एक ट्यूब राहू दे, अंधार वाटतोय" म्हणून जी एक राहते तीच घात करते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका पिवळा, मोठा तितका निळा. खिडकीचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विनचा, सावलीतला त्याहून निळा, आणि घरातला पिवळा दिवा २७०० ते ३००० केल्विनचा. साडीचा खिडकीकडचा भाग एका उजेडात आणि दिव्याकडचा दुसऱ्या. व्हाइट बॅलन्स एका फोटोला एकच लावता येतो, त्यामुळे एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. यावर एडिटिंगमध्ये इलाज आहे, पण तो एका साडीला अर्धा तास खातो.

मग आजूबाजूला बघा. भिंत कुठल्या रंगाची आहे? पिस्ता रंगाच्या भिंतीवरून उडालेला उजेड पांढऱ्या साडीला आजारी करतो. गॅलरीला हिरवी शेडनेट लावलेली असेल तर ती काढा किंवा दुसरी खिडकी शोधा, कारण तिच्यातून गाळून येणारा सगळाच उजेड हिरवा असतो. कबुतरांच्या जाळीने काही होत नाही.

रात्री काम करणं भागच असेल तर दिवे विचार करून घ्या. तपकीर गल्लीत जाऊन नुसता "पांढरा एलईडी द्या" म्हणू नका. खोक्यावर सीआरआय बघा, ९० च्या वर हवा. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. साध्या एलईडीत हा बहुधा ८०च्या आसपास असतो आणि त्यात गडद लाल मार खातो, कारण सीआरआयच्या नेहमीच्या सरासरीत आर९ नावाचा गडद लाल नमुना धरलेलाच नसतो. डाळिंबी, कुंकवासारखा लाल, मरून हे रंग तपकिरीकडे झुकताना दिसले तर दोष कॅमेऱ्याचा नाही, दिव्याचा आहे. खोक्यावर आर९ वेगळा लिहिलेला असेल तर तो जितका जास्त तितकं बरं.

सावधान: दिव्याच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येत असतील किंवा लागोपाठच्या फोटोंत रंग थोडा थोडा बदलत असेल तर ती दिव्याची लुकलुक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात.

तपासणी: साडीवर एक पांढरा रुमाल ठेवा आणि त्याच्या चार कोपऱ्यांकडे नीट बघा. एक कोपरा पिवळट आणि दुसरा निळसर दिसला तर अजून कुठलातरी दुसरा उजेड आत येतो आहे.

पायरी २: राखाडी कार्ड आणि व्हाइट बॅलन्स

कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीत काय आहे ते बघून अंदाज बांधतो. चौकट भरून राणी कलरची साडी असेल तर त्याला वाटतं उजेडच गुलाबी आहे, आणि तो गुलाबी मारायला जातो. म्हणून तीच साडी लांबून वेगळी दिसते, पदराच्या क्लोजअपमध्ये वेगळी. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ह्या दोन साड्या आहेत का?"

करायचं ते असं. साडी जिथे आहे तिथेच, त्याच पातळीवर, त्याच दिशेला तोंड करून कार्ड ठेवा. हातात धरून कॅमेऱ्याजवळ आणू नका, तिथला उजेड वेगळा असतो. पहिला फोटो कार्डासकट घ्या. मग कार्ड काढा आणि बाकीचे फोटो त्याच सेटिंगवर. प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा सरकवत कार्ड खरोखर राखाडी दिसेपर्यंत जा आणि तिथेच सोडा. रॉ (कॅमेऱ्याने रंग पक्का न केलेली कच्ची फाइल) काढत असाल तर नंतर लाइटरूममधल्या ड्रॉपरने कार्डावर टिचकी मारा आणि तीच सेटिंग सगळ्या फोटोंवर चिकटवा. स्नॅपसीड ॲपमध्येही व्हाइट बॅलन्सखाली ड्रॉपर आहे.

नेहमीची चूक: कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद. तो पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन असतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतं. त्या कागदाला पांढरं धरलंत की कॅमेरा निळा कमी करतो आणि अख्खा फोटो पिवळट होतो. मोतिया ब्लाऊजपीसवर ड्रॉपर लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पायरी ३: कॅमेऱ्यातली मदत बंद करा

सीन ऑप्टिमायझर, एआय कॅमेरा, व्हिव्हिड, ब्यूटी, आयफोनमधल्या फोटोग्राफिक स्टाइल्स: जे काही फोटो 'छान' करतं ते बंद. रॉ काढता येत असेल तर काढा.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते, मात्र बघा. झेंडूसारखा पिवळा, राणी, केशरी असे भडक रंग एका चॅनलमध्ये (फोटोच्या लाल, हिरवा, निळा या तीन भागांपैकी एकात) लवकर ठासून भरतात. पूर्ण फोटो व्यवस्थित उजळ दिसतो, पण लाल चॅनल २५५ या शेवटच्या आकड्यावर जाऊन अडकलेला असतो आणि विणकाम, बुट्टी, घड्यांची सावली सगळं सपाट होतं. अशा साड्यांना एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप (एक्स्पोजर मोजायचं माप) कमी ठेवा. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) असेल तर तो लावा, एकत्रित हिस्टोग्रामवर हे दिसत नाही.

पायरी ४: स्वतःची स्क्रीन आधी सरळ करा

ज्या स्क्रीनवर रंग ठरवणार ती वाकडी असेल तर तुम्ही बरोबर असलेला फोटो बिघडवाल. नाइट लाइट, आय कम्फर्ट, नाइट शिफ्ट, ट्रू टोन: एडिटिंग करताना हे सगळं बंद. संध्याकाळी सात वाजता आपोआप चालू होणारा नाइट लाइट लोकांच्या लक्षातच येत नाही आणि ते मुकाट्याने फोटो निळे करत बसतात.

कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून सरळ करणारं यंत्र) असेल तर स्क्रीन अर्धा तास चालू ठेवून तापल्यावर लावा. व्हाइट पॉइंट ६५०० केल्विन, गॅमा २.२, प्रकाश १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. नसेल तर एवढं तरी करा: स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा, आणि स्क्रीन दिव्यासारखी चमकायची थांबून कागदासारखी दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम करणाऱ्यांचे फोटो दुसऱ्याकडे नेहमी काळपट दिसतात, त्याचं कारण हेच.

लॅपटॉप घ्यायचा असेल तर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेली स्क्रीन टाळा. तिच्यात एसआरजीबीचे (वेबवर चालणारा रंगांचा संच, पायरी ६ बघा) जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास रंग मावतात, राणी आणि डाळिंबी एकसारखेच फिके दिसतात. '१०० टक्के एसआरजीबी' असं स्पष्ट लिहिलेलं बघा.

मोबाइलवरच एडिट करत असाल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हिव्हिडऐवजी नॅचरल निवडा. दोन दिवस सगळं निस्तेज वाटेल, मग सवय होते.

पायरी ५: एडिटिंग, आणि हात आखडता

साडी शेजारी ठेवा, पायरी १ मधल्याच उजेडात. आठवणीतल्या रंगावर विसंबू नका, आठवणीतला रंग बहुधा भडक असतो. व्हाइट बॅलन्स आधी, मग उजळपणा, मग कॉन्ट्रास्ट, आणि सॅच्युरेशनला शक्यतो हात नाही. कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही गडद होतात, हे लक्षात ठेवलं तर सॅच्युरेशन वाढवायची इच्छा निम्मी होते.

धूपछाव साडीचा वेगळा विचार करा. तिच्यात ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे बघण्याच्या कोनानुसार रंग फिरतो. एका फोटोत तिचा 'खरा' रंग नसतोच. दोन कोनांतून दोन फोटो द्या.

पायरी ६: एसआरजीबीमध्ये रूपांतर

सगळ्यात जास्त गैरसमज याच पायरीवर आहेत, म्हणून सावकाश घेऊ.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका, प्रत्येकी ० ते २५५. आता स्वयंपाकाचं बघा. आईने सांगितलं "दोन वाट्या तांदूळ", पण कुठल्या वाटीने? तिच्या पितळी वाटीने की तुमच्या स्टीलच्या? आकडा दोनच, तांदूळ वेगळे. रंगाची प्रोफाइल म्हणजे ती वाटी. एसआरजीबी ही लहान वाटी, वेबवर सगळीकडे हीच चालते. ॲडोबी आरजीबी मोठी. डिस्प्ले पी३ हीसुद्धा एसआरजीबीपेक्षा मोठी. २०१६ मधल्या आयफोन ७ पासून आयफोन याच वाटीने फोटो मोजतो. प्रोफोटो त्याहूनही मोठी, जवळजवळ पातेलंच.

प्रत्यक्ष आकडे बघा. एसआरजीबीतला पूर्ण लाल म्हणजे २५५, ०, ०. हाच लाल ॲडोबी आरजीबीत लिहिला तर २१९, ०, ०. मोठी वाटी, म्हणून आकडा लहान. आता ही ॲडोबी आरजीबीची फाइल तुम्ही अशा ठिकाणी टाकली जिथे प्रोफाइल काढून टाकतात किंवा बघतच नाहीत. तिथे २१९ हा आकडा लहान वाटीने मोजला जातो. लाल मंद पडला. "माझ्या कॉम्प्युटरवर छान होता, अपलोड केल्यावर फिका पडला" ही तक्रार ऐकली की मी आधी हेच तपासतो.

यावर फोटोशॉपमध्ये एकाखाली एक दोन पर्याय दिसतात, असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल. निम्मे लोक चुकीचा दाबतात.

असाइन म्हणजे तांदूळ न मोजता वाटीचं नाव बदलणं. आकडे तेच राहतात, रंग बदलतो. कन्व्हर्ट म्हणजे तेवढेच तांदूळ नव्या वाटीने मोजून नवा आकडा लिहिणं. आकडे बदलतात, रंग तोच राहतो. आपल्याला नेहमी कन्व्हर्ट हवं. असाइन फक्त तेव्हा, जेव्हा फाइलवर प्रोफाइलच नाही आणि ती कुठल्या वाटीची होती हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

क्रम असा ठेवा:

१. एडिटिंग पूर्ण करा, १६ बिटमध्ये (म्हणजे रंगाच्या आकड्यांत जास्त बारीक पायऱ्या) असेल तर १६ बिटमध्येच. मूळ फाइल तशीच जपून ठेवा आणि पुढचं सगळं तिच्या प्रतीवर करा.
२. फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपखाली एसआरजीबी लावून गॅमट वॉर्निंग चालू करा. जे रंग छोट्या वाटीत मावत नाहीत ते राखाडी डागांनी दाखवले जातात.
३. डाग असतील तर तेवढ्याच रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, हवं तर उजळपणाही जरा कमी करा. अख्ख्या फोटोचं नाही.
४. मग कन्व्हर्ट टू प्रोफाइल, एसआरजीबी, रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक म्हणजे न मावणारे रंग कसे बसवायचे त्याची एक पद्धत; तिच्याऐवजी पर्सेप्च्युअल निवडून काही हाती लागत नाही. नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये त्यासाठीचा तक्ताच नसतो.
५. शेवटी ८ बिट.

लाइटरूममध्ये हे सगळं एक्स्पोर्टच्या खिडकीतच होतं: कलर स्पेस एसआरजीबी निवडा, झालं. मोबाइलवरच्या लाइटरूममध्येही एक्स्पोर्टच्या जादा पर्यायांत कलर स्पेस असते. गिम्प या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इमेज मेनूत कलर मॅनेजमेंटखाली कन्व्हर्टचा पर्याय आहे.

रामा कलरकडे पुन्हा येतो. हा निळसर हिरवा एसआरजीबीचा सगळ्यात मोठा शत्रू. रेशमातला गडद रामा या वाटीत बसतच नाही, रूपांतर करताना लाल चॅनल शून्यावर आपटतो आणि सगळ्या छटा एका सपाट निळ्या-हिरव्यात मिसळतात. मी काय करतो? सॅच्युरेशन इतकं उतरवतो की विणीच्या रेषा पुन्हा दिसू लागतील. रंग साडीपेक्षा किंचित शांत येतो, पण छटा बरोबर राहते. शांत दिसलेली साडी हातात आल्यावर अधिक उठावदार निघाली तर कोणी परत पाठवत नाही. उलट झालं तर पाठवतात. मोरपंखी आणि गडद केशरीलाही हाच नियम.

सावधान: जाहिरात डिझाइन करणाऱ्याने छपाईसाठी दिलेली सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या हिशेबाची) जेपेग ऑनलाइन टाकू नका. काही ठिकाणी ती उघडणारच नाही, काही ठिकाणी भलतेच रंग दाखवेल. त्याच्याकडून आरजीबी फाइल मागून घ्या.

तपासणी: मॅकवर प्रीव्ह्यूमधल्या इन्स्पेक्टरमध्ये, किंवा विंडोजवर फोटोशॉप वा गिम्पमध्ये फाइल पुन्हा उघडून प्रोफाइलचं नाव वाचा. एसआरजीबी लिहिलेलं दिसलं तरच पुढे.

पायरी ७: आकार आणि एक्स्पोर्ट

जेपेग, क्वालिटी ८५ ते ९०, एम्बेड प्रोफाइलवर टिचकी. काही वेबसाइटी छोट्या प्रती बनवताना प्रोफाइल फेकून देतात, पण एसआरजीबी असेल तर फारसं बिघडत नाही, कारण प्रोफाइल नसलेला फोटो बहुतेक ठिकाणी एसआरजीबी म्हणूनच धरला जातो. यादीत फिका आणि उघडल्यावर बरोबर, असा फोटो दिसला तर समजा की पायरी ६ राहिली.

इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० पिक्सेल स्वतःच करून पाठवा. आयफोनचे एचईआयसी प्रकारचे फोटो सरळ पाठवू नका, आधी एसआरजीबी जेपेग करा. आयफोनवर आणखी एक भानगड आहे: एचडीआर (उजळ भाग जास्त उजळ दाखवणारे) फोटो त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर जास्त लखलखतात, दुसऱ्याकडे तेच साधे दिसतात. फोटोजच्या सेटिंगमधलं 'व्ह्यू फुल एचडीआर' बंद करून मग ठरवा.

पायरी ८: पाठवताना

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. दाबताना उजेडाची बारकाई बरीचशी टिकते, रंगाची मात्र कमी होते, साधारण चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद उरते. त्यामुळे हिरव्यावर लाल बारीक बुट्टी असेल तर कडा एकमेकींत उतरतात आणि बुट्टी तपकिरी दिसते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आला आहे, तो दर वेळी निवडा. महत्त्वाच्या गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फाइल जशीच्या तशी जाते. बुट्टीसाठी क्लोजअप वेगळा काढा, मोठ्या फोटोतून कापलेला चालत नाही.

कधीही करू नका: ग्रुपवरून आलेला फोटो स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवणं. त्यात तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनचा हिशेब मिसळतो, वर तो पुन्हा एकदा दाबला जातो. आमच्याकडे मूळ जेपेग एका ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, आणि वहिनीच्या मैत्रिणींना फॉरवर्ड करायचं असेल तर तिथूनच.

पायरी ९: पाठवल्यानंतरची तपासणी

फोटो आधी घरातल्याच दुसऱ्या मोबाइलवर पाठवा, शक्यतो एक आयफोन आणि एक स्वस्त अँड्रॉइड. साडी शेजारी ठेवा. दोन्हीकडे थोडा फरक दिसणारच, तो घालवायचा प्रयत्न करू नका. बघायचं एवढंच की दोन्हीकडे रंगाचं नाव तेच राहतं का. एकीकडे वांगी आणि दुसरीकडे मरून म्हणावंसं वाटत असेल तर मागे जा.

कुठे मागे जायचं? सगळीकडे सारखाच चुकीचा दिसत असेल तर उजेड किंवा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पायरी १ आणि २. फक्त तुमच्या स्क्रीनवर बरोबर आणि बाकी सगळीकडे चूक, तर पायरी ४. एडिटरमध्ये बरोबर पण अपलोड केल्यावर फिका, तर पायरी ६. सगळीकडे ठीक पण एकाच गिऱ्हाइकाकडे भडक किंवा पिवळट, तर तिचा मोबाइल व्हिव्हिडवर आहे किंवा संध्याकाळचा कम्फर्ट मोड चालू आहे. यावर तुम्ही फक्त विचारू शकता.

म्हणून फोटोखाली रंग शब्दांतही लिहा. आमच्याकडे आता प्रत्येक साडीखाली मजकूर जातो. त्या साताऱ्याच्या साडीसारखीच एक मागच्या आठवड्यात आली, तिच्याखाली वहिनीने लिहिलं: "रंग रामा. पिवळ्या दिव्याखाली हिरवट, उन्हात निळसर. फोटो खिडकीपाशी दुपारी काढलाय, फिल्टर नाही. डोहाळजेवणासाठी हवी असेल तर ही घेऊ नका, पानासारखी हिरवी वेगळी आहे, तिचा फोटो पाठवते."